मदत हवी आहे: नाशिकमध्ये घरी येऊन पॅलिएटिव्ह केअर (आजार बरा होणार नसला तरी दुखणं, त्रास कमी करणारी सेवा) देणारं कोणी आहे का?

नमस्कार. माझ्या वडिलांना (वय ७४) स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, यकृतापर्यंत पसरलाय. आता केमोचा उपयोग नाही, घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही सिडकोत राहतो. आई आणि मी, दोघंच करणारे.

दिवस कसाबसा निघतो, रात्र निघत नाही. पाठीत कळ आली की अण्णा उशी दातात धरतात, आईला कळू नये म्हणून. साध्या गोळ्यांनी आता काही होत नाही. मॉर्फिनच्या गोळ्यांबद्दल वाचलं. २०१४ मध्ये कायदा बदलून त्या मिळणं सोपं केलंय म्हणे, पण आमच्या भागातल्या मेडिकलमध्ये नाव काढलं की मान हलवतात. नाशिकमध्ये त्या कुठे मिळतात, कोण लिहून देतं? सिव्हिलमध्ये चौकशी करावी का?

पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे, मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन हे हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण) आहे, हे माहीत आहे. पण अण्णांना एवढा प्रवास झेपणार नाही, आणि त्यांना घरीच राहायचंय. रोज संध्याकाळी खिडकीशी बसवा म्हणतात.

आणखी एक. नातेवाईक म्हणतात, "हॉस्पिस म्हणजे हात टेकणं." मला तसं वाटत नाही, दुखणं कमी करणं हाही उपचारच. पण आईला हे कसं समजावू? तिच्याशी बोलेल असं कोणी समुपदेशक असेल तर तेही सांगा. ज्यांनी हे घरी केलंय त्यांनी कृपया लिहा, रात्री उशिराही वाचेन.