अप्पांचं बीपी घरच्या मशीनवर दर वेळी वेगळं येतंय, काय करू?

अमळनेरकर_पुण्यात
नमस्कार मंडळी. मी पुण्यात नोकरीला, आई-अप्पा अमळनेरजवळ खेड्यावर. अप्पा ६४ वर्षांचे, दोन वर्षांपासून बीपीची गोळी टेल्मिसार्टन ४० चालू आहे. मागच्या महिन्यात चक्कर आली म्हणून मी त्यांना दंडावर पट्टा बांधायचं ब्लूटूथवालं मशीन घेऊन दिलं आणि एका ॲपचं सहा महिन्यांचं पॅकेजही घेतलं, रीडिंग आपोआप माझ्या मोबाईलवर येतं आणि आठवड्याला एक कोच मॅडम त्यांना फोन करतात. आता झालंय असं की सकाळी १५८/९६, दहा मिनिटांनी १४१/८८, दुपारी परत १६२, मग अप्पा घाबरून दिवसातनं आठ-दहा वेळा मोजतात आणि घाबरले की अजून वाढतं. मॅडम ओट्स नि सॅलड खा म्हणतात, अप्पा म्हणतात कळण्याची भाकरी काही सुटायची नाही. चक्कर येते तर गोळीच बंद करू का असंही विचारत होते. इथून मला काही सुचत नाही. कोणाला अनुभव आहे का?

तापीकाठची_सिस्टर
दादा, गोळी मनाने बंद करू देऊ नका. आधी मोजायची पद्धत बघा, आमच्याकडे निम्मा घोळ तिथेच असतो. लघवीला जाऊन यायचं, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पट्टा दंडाला लहान पडत असेल तरी आकडा जास्त येतो. सकाळी गोळीच्या आधी दोनदा, मधे एक मिनिट सोडून, आणि संध्याकाळी दोनदा, बस. असं सात दिवस, पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. घरी ती १३५/८५ च्या खाली हवी, एकेका आकड्याला घाबरू नका. चक्कर येते तेव्हा बसून आणि उभं राहून एका मिनिटाने, परत तीन मिनिटांनी मोजा, उभं राहिल्यावर बीपी एकदम खाली येत असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं, उन्हाळ्यात पाणी कमी पडूनही तसं होतं. १८०/१२० च्या वर जाऊन छातीत दुखलं, दम लागला, तोंड वाकडं झालं किंवा हातपाय लुळा पडला तर ॲप बघत बसू नका, सरळ १०८.

रावेरचा_केळीवाला
भो, मी वर्षभर असंच कोचिंग घेतलं. सुरुवातीला मलाही ओट्सच सांगितले होते, मग मी रोजच्या ताटाचे फोटो पाठवायला लागलो तेव्हा कुठे कामाचं बोलणं सुरू झालं. कळण्याची भाकरी चांगलीच आहे की, ज्वारी आणि उडीद, पण आपल्याकडे दळायला देतानाच त्यात मीठ टाकतात, वर ठेचा, लोणचं, बिबडे, शेवभाजी. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा मीठ, आमच्या घरी एकट्या ठेच्यातच बरंच जायचं. बायकोने पीठ बिनमिठाचं दळून आणलं, पंधरा दिवस अळणी लागलं, मग सवय झाली. आणि केळीवाला असून सांगतो, बीपीला केळी चांगली म्हणून डझनाने खाऊ नका, टेल्मिसार्टनने पोटॅशियम वाढू शकतं, किडनी कमजोर असेल तर जास्तच. रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) आणि पोटॅशियम एकदा तपासून घ्या. कोच गोळी बदलू शकत नाही, सरासरी डॉक्टरांपर्यंत पोचवा.

अमळनेरकर_पुण्यात
खूप आभार ताई, भाऊ. आत्ताच आईशी बोललो. अप्पा सकाळी चहा पिऊन, तंबाखू खाऊन, खाटेवर पाय लोंबकळत सोडून शर्टावरूनच पट्टा बांधतात. आणि गुडघ्यासाठी महिनाभर मेडिकलवरून दुखण्याच्या गोळ्या आणून खातायत, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

तापीकाठची_सिस्टर
हे फार महत्त्वाचं आहे दादा. दुखण्याच्या बऱ्याच गोळ्यांनी बीपी वाढतं आणि टेल्मिसार्टनसोबत किडनीवरही ताण येतो. ते दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट आईंना बाजूला काढून ठेवायला सांगा, आणि आठवडाभर थांबू नका, उद्याच अप्पांना दोन्ही गोळ्यांची पाकिटं सोबत देऊन डॉक्टरांकडे पाठवा.