मदत हवी आहे: रेडिएटरचा फॅन आपोआप सुरू होत नाही

राजेहो, जुनी कार्ब्युरेटरवाली पेट्रोल गाडी, एसी नाही. रस्त्यानं टेम्परेचरचा काटा मधात असतो. आर्वीच्या बाजारात पाच मिनिटं अडकलो की सरळ लालकडे. फ्यूज शाबूत, रिले बदलून पाहिला. कूलंट पूर्ण, गळती नाही. वरचा-खालचा दोन्ही पाइप तापतात, म्हणजे थर्मोस्टॅट (कूलंटला रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) उघडत असावा.

रेडिएटरवरच्या, तापल्यावर फॅन सुरू करणाऱ्या स्विचच्या दोन वायरी तारेच्या तुकड्यानं जोडल्या की फॅन भर्रकन फिरतो. सध्या त्याच जुगाडावर. स्विचवर 95-90 कोरलंय, म्हणजे 95 अंशाला चालू, 90 ला बंद.

मेकॅनिक 30 किमीवर, त्यात पेरणीचे दिवस. मल्टीमीटर आहे. स्विच काढून उकळत्या पाण्यात धरला अन् मीटर वाजला नाही, तर तो गेला असंच समजायचं ना? आणि सगळं कूलंट न सांडवता तो काढायचा कसा?