सकाळच्या उन्हात डोंगरातली पॅसेंजर टिपायचीय, कोल्हापुरातनं कुठं जाऊ?

रंकाळा_काठ
नमस्कार मंडळी. दोन वर्षं झाली रेल्वेचे फोटो काढतोय, स्टेशनवरचे भरपूर झाले, आता मनात एकच फोटो आहे, मागं डोंगर, कोवळं ऊन आणि मधनं जाणारी साधी पॅसेंजर. मागच्या रविवारी त्यासाठी पहाटे साडेतीनला निघालो, गगनबावडा करून भुईबावडा घाट उतरलो आणि वैभववाडीजवळ रस्त्याकडेच्या एका उंचवट्यावर सहाला जाऊन बसलो. गाडी सव्वासातला आली. पण दरी सगळी निळी-काळी, आयएसओ (सेन्सर उजेड किती पकडतो ते) ६४०० ला नेला तरी डबे म्हणजे नुसता काळपट पट्टा, नंबरसुद्धा वाचता येईना. आणि गाडी गेल्यावर तासाभरानं रुळावर असलं सुंदर ऊन पडलं की बघत बसलो. क्रॉप (लहान) सेन्सरची बॉडी आहे, १८-५५ आणि ५५-२५० मिलीमीटर अशा दोन लेन्स. चूक कुठं झाली, जागेची का सेटिंगची?

घाटवाट_सातारा
भावा, सेटिंगचा दोष नाही, तू डोंगराच्या चुकीच्या बाजूला बसलास. कोकण रेल्वे सह्याद्रीच्या पश्चिमेला, पायथ्याशी. सूर्य उगवणार पूर्वेला आणि पूर्वेला गगनबावड्याची अख्खी भिंत उभी. पंचांगात सूर्योदय सातचा असला तरी खाली रुळावर ऊन यायला सूर्य त्या भिंतीच्या वर चढायला लागतो. तोपर्यंत तो कोवळा रंग संपलेला असतो, आपल्याकडं सूर्य सरळ वर चढतो, अर्ध्या तासात सहाएक अंश, त्यामुळं सोनेरी ऊन मिळतं ते तेवढंच. कोकणातली लाईन संध्याकाळसाठी ठेव, तेव्हा समुद्राकडनं ऊन येतं आणि हीच भिंत मागं उजळते.

सकाळसाठी देशावरचा घाट पाहिजे. पुणे-मिरज लाईनवर वाठार आणि सालपे या स्टेशनांच्या मधे आदर्कीचा घाट आहे, सातारच्या पुढं. तिथनं लाईन महादेव डोंगराच्या रांगेतनं वळणं घेत खाली उतरते आणि पूर्वेला फलटणचं मोकळं सपाट रान आहे. अडवायला काही नाही, पहिला किरण थेट उतारावर येतो. मी तिथं गेल्या हिवाळ्यात पाच वेळा गेलो. ऊन आधी वरच्या कड्याला लागतं, मग हळूहळू खाली सरकत विजेच्या खांबांच्या टोकाला, मग चिनीमातीच्या इन्सुलेटरवर एक ठिपका चमकतो, आणि तिथनं पाच-सात मिनिटांत रूळ उजळतात. तो ठिपका दिसला की कॅमेरा हातात घ्यायचा.

एक काम आधी कर. गाडीचा विचार न करता एक सकाळ नुसती बघायला जा, कुठल्या वळणावर इंजिनच्या तोंडावर ऊन पडतं ते कागदावर लिही. आणि महिना पण लिही, कारण जूनमध्ये सूर्य पूर्वेपासून पंचवीस अंश डावीकडं उगवतो आणि डिसेंबरात तितकाच उजवीकडं. जूनमध्ये जमलेली जागा डिसेंबरात सावलीत जाते.

मिरज_जंक्शन
वरच्या दादांचं पटलं. सेटिंगचं मी सांगते. घाटात गाडी ताशी ३६ किलोमीटरनं चालली असं धर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. शटर १/२५० सेकंद उघडं राहिलं तर ती तेवढ्यात ४ सेंटीमीटर सरकते, १/१००० ला १ सेंटीमीटर. आडवी जाणारी गाडी असेल तर १/१००० च्या खाली येऊ नको, समोरनं तिरकी येत असेल तर १/५०० ला चालतं. मोड मॅन्युअलच ठेव, कारण हेडलाईट फ्रेममध्ये आला की उजेड मोजणारा मीटर फसतो आणि सगळा डोंगर काळा करून टाकतो. गाडी यायच्या आधी उन्हातल्या दगडावर एक्स्पोजर लावून ठेव. व्हाईट बॅलन्स ऑटोवर नको, तो तुझं सोनेरी ऊन दुरुस्त करायला जातो आणि पांढरं करतो, डेलाईटवर पक्का कर. फोकस एका खांबावर आधीच लावून मॅन्युअलला टाक, धुक्यात ऑटोफोकस पुढं-मागं करत बसतो आणि तेवढ्यात गाडी निघून जाते.

आणि विजेच्या तारा. रुळाच्या पातळीवर उभं राहिलास तर सगळ्या तारा आकाशावर काळ्या रेघा मारतात. रस्त्याच्या वरच्या अंगाला चढ, तिथनं त्याच तारा मागच्या गवतात मुरून जातात. शटर इंजिनचं तोंड दोन खांबांच्या मधे आल्यावर दाब. पॅसेंजर निवडलीस ते बरं केलंस, बावीस डब्यांची एक्सप्रेस अर्ध्या किलोमीटरपेक्षा लांब असते, वळणावर निम्मी फ्रेमच्या बाहेर राहते, दहा डब्यांची गाडी मात्र शेपटासकट बसते.

रंकाळा_काठ
ताई, दादा, खूप आभार, डोंगराच्या बाजूचं तर डोक्यातच आलं नव्हतं. आदर्कीला दर आठवड्याला जाणं जमणार नाही, कोल्हापूरजवळ सरावाला काही आहे का? आणि दूधसागरला रुळावरनं चालत जाऊन काढलेले फोटो बघितलेत, ते करावं का?

रुकडीकर
दूधसागरला रुळावरनं अजिबात जाऊ नको. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा राहू दे बाजूला, कॅसलरॉक ते कुळे उतार १:३७ (३७ मीटरला १ मीटर) आहे, उतरणारी गाडी तुला बघून थांबू शकत नाही, आणि बोगद्यात अंग चोरायला जागा नसते. आमच्या ओळखीतला एक पोरगा कडेला उभा राहून व्ह्यूफाईंडरमधे बघत होता, मागनं दुसऱ्या लाईनवर गाडी आली ते त्याला कळलंच नाही. बोटभर अंतरानं वाचला, मी तिथं होतो, अजून आठवलं की पोटात गोळा येतो. रूळ, पूल, बोगदा सोडून फोटो काढ. रस्ता, शेताचा बांध, फलाट एवढ्या जागा पुष्कळ झाल्या. बांधावर जायचं तर शेतकऱ्याला विचारून जा.

सरावाला आमच्या रुकडीला ये. कोल्हापूर-मिरज लाईन १८९१ पासूनची, आणि सकाळी कोल्हापूर सोडणारी गाडी पूर्वेकडं तोंड करूनच निघते, म्हणजे ऊन सरळ इंजिनच्या तोंडावर. मुंबईला जाणारी कोयना एक्सप्रेस त्यातलीच. सूर्य पाठीमागं घेऊन पश्चिमेकडं ५५-२५० लाव, हवा स्वच्छ असेल त्या दिवशी गाडीच्या मागं जोतिबाचा डोंगर येतो, लांब लेन्सनं तो चांगला मोठा दिसतो. फक्त आत्ता ऊसतोडीचा सीझन आहे, पाचट पेटवलेलं असलं की सगळा डोंगर धुरात जातो. पाऊस संपतानाची हवा सगळ्यात चांगली, तेव्हा गवत पण हिरवं असतं. गाड्यांच्या वेळा व्हेअर इज माय ट्रेन ॲपवर त्याच सकाळी बघ, आदल्या दिवशीच्या वेळेवर विसंबू नको.

घाटवाट_सातारा
एक राहिलं. हिवाळ्यात लेन्सवर दव बसतं, मऊ सुती कापड खिशात ठेव, बॅगेत नको, बॅगेतनं काढेपर्यंत गाडी जाते.

रंकाळा_काठ
ठरलं मग, या रविवारी रुकडी, कोयनेसाठी. पुढच्या महिन्यात आदर्की, पहिली फेरी नुसती बघायला, वही घेऊन. रुकडीकर, साडेसहाला स्टेशनबाहेर चहाला भेटाल का?

रुकडीकर
सहाला ये. चहा घरी पिऊ, बांध आमचाच आहे.