ऑगस्टमधलं एडिनबरा: पाहिलेले, ऐकलेले आणि केलेले प्रयोग (अनुभव धागा)

जुलै संपत आला की मला ठरलेले फोन येतात. लंडनहून, लीड्सहून, एकदा तर थेट साताऱ्याहून: "एडिनबराला येतोय, काय काय बघू?" याचं उत्तर यादी देऊन होत नाही. फ्रिंज, म्हणजे स्कॉटलंडमधल्या या शहरात ऑगस्टभर चालणारा खुला कलामहोत्सव, त्यात तीन हजारांहून जास्त कार्यक्रम असतात, आणि मला आवडलेला प्रयोग तुम्ही याल तेव्हा असेलच असं नाही. म्हणून हा धागा काढतोय. ज्यांनी तिथं काही पाहिलं, ऐकलं किंवा स्वतः केलं, त्यांनी लिहा. तारे किती द्याल ते नको. त्या खोलीत बसला होतात तेव्हा काय घडलं, ते लिहा.

नवख्यांसाठी थोडं. युद्ध संपून दोन वर्षं झाली होती तेव्हा, १९४७ साली, व्हिएन्नात जन्मलेल्या रुडॉल्फ बिंग यांच्या पुढाकारानं इथं पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला. त्या वेळी आठ नाटकमंडळ्या आमंत्रण नसताना आल्या आणि मिळेल त्या जागी त्यांनी प्रयोग लावले. पुढच्या वर्षी रॉबर्ट केम्प या नाटककारानं त्यांच्याबद्दल लिहिताना 'फ्रिंज' हा शब्द वापरला. फ्रिंज म्हणजे काठ, किनार. तोच रूढ झाला. आजही फ्रिंजला निवड समिती नाही. जागा मिळवायची, नोंदणीचे पैसे भरायचे, प्रयोग लावायचा. निमंत्रितांचा मूळ महोत्सवही त्याच महिन्यात चालतो.

आता माझा अनुभव. काऊगेट रस्त्याजवळच्या एका तळघरात दुपारी एकपात्री प्रयोग होता. चाळीसेक खुर्च्या आणि आम्ही चार जण, चार कोपऱ्यांत बसलेलो. ती नटी प्रवेशाच्या जागेवरून बाहेर आली आणि म्हणाली, "पहिल्या रांगेत या ना, मला तुमच्याशी मोठ्यानं बोलायला नको." आम्ही उठून एकमेकांशेजारी बसलो. नेपथ्य म्हणजे एक टेबल, एक किटली. वडिलांच्या शेवटच्या वर्षाची गोष्ट होती. तिनं त्या किटलीत खरंच पाणी उकळवलं, आणि ते उकळेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. दीड-दोन मिनिटं फक्त पाण्याचा आवाज. चारशे माणसांच्या नाट्यगृहात एवढी शांतता धरायची कुणाची छाती झाली नसती, कुणीतरी खोकलं असतंच. संपल्यावर ती दारात उभी राहिली आणि चौघांचेही हात हातात घेऊन निरोप दिला. प्रेक्षक चार आहेत म्हणून तिनं एकही जागा उरकली नाही. मी कॉलेजात असताना कमी बुकिंगच्या प्रयोगात पानंच्या पानं गाळणारे नट पाहिलेत, म्हणून मला हे फार लागलं.

* * *

मी कोल्हापूरची. ग्लासगोला शिकत असताना आमच्या वर्गातल्या सहा जणांनी मिळून नाटक बसवलं आणि एक आठवडा फ्रिंजला लावलं. प्रयोग रोज सकाळी ११:१०ला, पन्नास मिनिटांचा. बाकीचा दिवस रॉयल माइलवर पत्रकं वाटण्यात. किल्ल्यापासून हॉलीरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा हा दगडी रस्ता. ऑगस्टमध्ये त्याचा मधला भाग वाहनांना बंद असतो आणि तिथं जादूगार, वादक, खांबावर चढणारे, आणि आमच्यासारखी पत्रकं वाटणारी पोरं, सगळे एकाच गर्दीत. पाऊस आला की कागद एकमेकांना चिकटतात, मग ओल्या बोटांनी एकेक सोडवायचा. पहिल्या दिवशी मी "घ्या ना, प्लीज" करत होते. तिसऱ्या दिवशी कळलं की माणसाच्या डोळ्यांत बघून नाटकातलं एक वाक्य म्हटलं तर माणूस थांबतो.

सगळ्यात अवघड असतं ते लावणं-काढणं. आधीच्या मंडळींचा प्रयोग संपतो, ते सामान उचलतात, पुढच्या पंधरा मिनिटांत तुमचं सामान आत, दिवे तपासून, प्रेक्षक बसलेले हवेत. आमचं सगळं नेपथ्य दोन सुटकेसमध्ये मावेल असंच केलं होतं. चौथ्या दिवशी दिव्यांचा संगणक बंद पडला. आमचा तंत्रज्ञ त्या एका खोलीत दिवसाला सात प्रयोग चालवणारा एकोणीस वर्षांचा मुलगा. त्यानं हात जोडल्यासारखे केले आणि खोलीतले साधे दिवे लावले. आम्ही तसाच प्रयोग केला. पहिल्यांदाच प्रेक्षकांचे चेहरे दिसले, आणि एक आजोबा आमच्या विनोदी प्रवेशात रडताना दिसले. त्यानंतर तो प्रवेश मला पूर्वीसारखा करताच आला नाही, तो आपोआप हळू झाला.

शेवटच्या प्रयोगानंतर मी त्या पाचही जणांना "अरे आव्वाज कुणाचा!" शिकवलं. पुण्यात भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाला ऐकलेली ती आरोळी, एडिनबराच्या एका बोळात, स्कॉटिश उच्चारांत. वरच्या खिडकीतून एका बाईनं टाळ्या वाजवल्या.

* * *

माझी आई सांगलीला गाणं शिकवते. गेल्या खेपेस ती आली तेव्हा तिला नाटकं नको होती. भाषेचा प्रश्न. म्हणून मूळ महोत्सवातली सकाळची मैफल काढली, क्वीन्स हॉलमध्ये. ही इमारत पूर्वी चर्च होती, १९७९पासून मैफलींची जागा आहे. चार वादकांची चौकडी: दोन व्हायोलिनं, एक व्हिओला, एक चेलो. आई मांडीवर बोटं मोजत बसली. मला वाटलं कंटाळली. दुसऱ्या, संथ भागात तिची बोटं थांबली आणि ती नुसती पुढे झुकून बसली.

मध्यंतरात विचारलं, "आई, ठीक ना?" तर म्हणाली, "अरे, मी मघापासून सम शोधतेय. सापडली असं वाटलं की हे लोक पुढे निघून जातात. मग म्हटलं सोड, ते नेतील तिकडे जावं." शेजारच्या स्कॉटिश आजींनी विचारलं की तुमच्या आई काय मोजत होत्या. मी जमेल तसं सांगितलं. आईला ते पुरेसं वाटलं नाही. तिनं त्यांचा हात घेतला आणि तळहातावर तीनताल दाखवला. धा धिं धिं धा. सोळा मात्रा, मग पुन्हा पहिली, तीच सम. तिसऱ्या आवर्तनाला आजींनी समेवर बरोबर मान हलवली. आईचा चेहरा बघायला हवा होता!

परत येताना तिला सांगितलं की १९६३ साली याच महोत्सवात एम. एस. सुब्बुलक्ष्मी गायल्या होत्या आणि बालासरस्वती नाचल्या होत्या. ती बसमध्ये बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यांनाही कुणीतरी विचारलं असेल, सम कुठे म्हणून."

* * *

कॅबरेबद्दल कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून मी लिहिते. आपल्याकडे कॅबरे म्हटलं की हिंदी सिनेमातलं हॉटेलातलं नृत्य डोळ्यांसमोर येतं. मीही तेच समजून, जरा संकोचून, मैत्रिणीच्या आग्रहानं गेले.

श्पीगलटेंट म्हणजे आरशांचा तंबू. बेल्जियममध्ये असे तंबू शंभर वर्षांपूर्वीपासून बनत आलेत. गोल आकार, लाकडी जमीन, कडेनं छोटी बाकं, खांबांवर आरशाचे तुकडे, रंगीत काचा, वर मखमल. जमीन पावलागणिक कुरकुरते. बाहेर पाऊस होता आणि कापडावर त्याचा ताशा चालला होता. मधोमध लहानसा, बैठा गोल मंच, त्याच्याभोवती आम्ही. कुठेही बसा, समोर आरसा आणि त्यात दुसऱ्या बाजूचे प्रेक्षक.

एक सूत्रधार, अंगाला वेटोळे घालणारी कसरतपटू, मग एक गायिका. साठीच्या असाव्यात. काळा झगा, हातात काही नाही, सोबत एक पियानो. त्या गाणं अर्ध्यात थांबवून बोलायच्या: घरभाड्याबद्दल, सरकारबद्दल, सोडून गेलेल्या नवऱ्याबद्दल, आणि बोलता बोलता पुन्हा सुरात शिरायच्या. एका ओळीला त्यांनी पुढच्या बाकावरच्या तरुणाकडे बघून नुसती भुवई उचलली. अख्खा तंबू हसला, तो मुलगा लाजला, आणि पुढची ओळ इतकी दुःखाची होती की हसू तोंडातच राहिलं.

माझं माहेर दौंड तालुक्यातलं. चौफुल्यावरून एसटी जायची तेव्हा कलाकेंद्रांच्या पाट्या दिसायच्या आणि आजी म्हणायची, "तिकडं नाही बघायचं बाई." मी कधीच बघितलं नव्हतं. बैठकीच्या लावणीत गाणारी बसून, नुसत्या नजरेनं आणि हातानं एकेका शब्दाचा अर्थ फिरवते हे मी फक्त वाचलं होतं. त्या तंबूत मला ते पहिल्यांदा समजलं. समोरच्या माणसाच्या नजरेला नजर देऊन गाणं, त्याला जवळ घेणं आणि तरी आपली मर्यादा आपण राखणं, ही केवढी विद्या आहे! पुढच्या डिसेंबरात घरी गेले तेव्हा नवऱ्याला घेऊन चौफुल्याला गेले आणि बैठक ऐकली. गाणाऱ्या ताईंना एडिनबराचं सांगितलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला: "त्यांना साथीला पेटी की तबला?" पियानो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग लय त्या स्वतःच धरत असणार. अवघड आहे."

* * *

लहानशी भर. मी शिरवळला शिकलेला गुरांचा डॉक्टर. समरहॉल नावाची जी जागा आहे, ती पूर्वी पशुवैद्यक महाविद्यालय होती. तिथल्या शरीररचनेच्या जुन्या व्याख्यानगृहात, उंच चढत जाणाऱ्या लाकडी बाकांवर बसून मी नाटक पाहिलं. खाली जिथं टेबल असायचं तिथं एक नट झोपलेला. मला आमचा पहिल्या वर्षाचा वर्ग आणि फॉर्मॅलिनचा वास आठवला. नाटकाचा विषय वेगळाच होता, पण खाली पडलेल्या देहाकडे वरून बघायची ती जागाच अशी आहे की अर्धं काम तिनंच केलं.

* * *

वरचं सगळं खरं आहे, पण दुसरी बाजूही धाग्यात असू दे. १९८२ साली दिग्दर्शक हबीब तन्वीर यांचं 'चरणदास चोर' हे नाटक छत्तीसगढी कलाकारांनी इथं केलं आणि नव्या नाटकांसाठीचा 'फ्रिंज फर्स्ट' पुरस्कार मिळवला. मुंबईत हौशी रंगभूमीवर काम करताना ही गोष्ट ऐकत आम्ही वाढलो. त्या जोरावर मी आणि माझा मित्र दोन पात्रांचं नाटक इंग्रजीत करून घेऊन गेलो. तीन आठवडे.

शहरात राहायची जागा परवडेना, म्हणून फोर्थ खाडीपलीकडे कर्कॉल्डीला एक खोली घेतली. रोज लाल पुलावरून आगगाडीनं ये-जा. सरासरी अकरा प्रेक्षक. एका दिवशी दोन, आणि त्यातला एक चुकून आलेला. जागेचं भाडं आगाऊ भरलेलं. ज्यांनी आमची प्रसिद्धी करायचं कबूल केलं होतं त्यांनी पैसे घेतले आणि पत्रकं दुसऱ्या आठवड्यात पोचवली. परतलो तेव्हा साडेतीन लाखांचा खड्डा होता, तो भरायला दोन वर्षं गेली. निवड समिती नाही हे मोठंच आहे, पण त्याचा अर्थ दार उघडं आहे इतकाच. आत येण्याचं भाडं ज्याचं त्यानं भरायचं, आणि ते ज्याच्या घरी पैसा आहे त्यालाच सोपं जातं. नवीन मुलांनी हे हिशेबात धरूनच जावं. एक आठवडाच लावा, राहायची सोय आधी पक्की करा, मग तिकीट काढा.

एवढं होऊनही सांगतो: अठरा प्रयोग सलग केल्यावर अंगात नाटक जे मुरतं, ते मुंबईत महिन्याला एक प्रयोग करून दहा वर्षांत मुरलं नव्हतं.

* * *

वरच्या दादांचं वाचून बादलीबद्दल लिहावंसं वाटलं. फुकट कार्यक्रमांचीही इथं मोठी शाखा आहे, १९९६मध्ये पीटर बकली हिल यांनी सुरू केलेली. पबच्या माडीवर, मागच्या खोलीत कार्यक्रम होतो, तिकीट नसतं. शेवटी कलाकार बादली घेऊन दारात उभा राहतो आणि तुम्ही जे द्याल ते. मला पहिल्यांदा पाहताना आमच्या गावच्या मारुतीच्या देवळातलं कीर्तन आठवलं. आरतीचं ताट फिरायचं तेव्हा बाबा खिशातली नोट आधीच घडी करून मुठीत धरायचे, किती ते कुणाला दिसू नये म्हणून. मीही तसंच केलं. कृपा करून बादलीत नाणी टाकू नका. जेवायला जेवढे देता तेवढे तरी द्या.

* * *

धागाकर्ता: सगळ्यांचे मनापासून आभार. कर्कॉल्डीच्या दादांनी लिहिलेलं जाणाऱ्या प्रत्येकानं दोनदा वाचावं. कामाचं थोडं: पहिल्या सोमवारी-मंगळवारी बऱ्याच कार्यक्रमांना एकावर एक तिकीट मिळतं. छत्री आणू नका, वाऱ्यात उलटते आणि तळघरात ठेवायला जागा नसते. टोपीचं जाकीट बरं. दोन प्रयोगांत किमान पाऊण तास ठेवा, कारण शहराचे दोन भाग, जुनं गाव आणि नवं गाव, नकाशावर शेजारी दिसतात पण मध्ये चढण आणि पायऱ्या आहेत. वयस्कर कुणी बरोबर असेल तर जिना आहे का, ते तिकीट काढण्याआधी विचारा.

सांगलीच्या काकूंना यंदा पुन्हा आणणार असाल तर कळवा. क्वीन्स हॉलची तिकिटं मी एकत्रच काढतो.