'मेड बाय हँड स्लोली': धातुसाधित आणि क्रियाविशेषण यांची जागा

प्रश्न: कोल्हापुरात चप्पल लाइनीत आमचं दुकान आहे. अंबाबाईच्या दर्शनाला परराज्यातली माणसं येतात, त्यांना जोडाबरोबर द्यायला इंग्रजीत कार्ड केलंय. बहीण म्हणते तिन्ही वाक्यं चुकल्यात, मी म्हणतो अर्थ कळतोय की. सरांनी निकाल द्यावा.

'चप्पल्स मेड बाय हँड स्लोली वेअर आउट.'
'ऑफिशियली रिकग्नाइज्ड इन २०१९, वी सेल ओरिजिनल कोल्हापुरी.'
'गुड स्टिच्ड, व्हेरी लाइक्ड बाय टूरिस्ट्स.'

उत्तर: निकाल बहिणीच्या बाजूनं. तिसरं वाक्य आधी उरकू. 'स्टिच्ड' हे धातुसाधित, म्हणजे क्रियापदापासून झालेलं विशेषण. त्याच्या आधी 'कसं?' सांगणारा शब्द हवा, म्हणून 'गुड' नव्हे, 'वेल'. 'वेल-स्टिच्ड चप्पल' असं नामाआधी आलं तर मध्ये जोडरेघ, आणि 'द चप्पल इज वेल स्टिच्ड' असं मागून आलं तर नको. 'न्यूली'सारख्या 'ली'वाल्या शब्दांना जोडरेघ लागतच नाही. 'व्हेरी टायर्ड' चालतं, कारण 'टायर्ड' आता साधं विशेषण होऊन बसलंय. 'लाइक्ड'मध्ये क्रिया अजून जिवंत आहे, तिथं 'मच लाइक्ड' किंवा 'वेल लाइक्ड'. आपल्याकडं 'खूप दमलेला' आणि 'खूप आवडलेली' दोन्ही सरळ चालतात, म्हणून हा फरक कानाला लागत नाही.

पहिलं वाक्य खरं गमतीचं. 'स्लोली' कुणाचं? हातानं सावकाश बनवलेल्या चपला झिजतात, की हातानं बनवलेल्या चपला सावकाश झिजतात? इंग्रजीत दोन्ही अर्थ बसतात. मराठीत शब्दांची रूपंच पुष्कळदा सांगतात: 'नुकताच शिवलेला जोड', 'नुकतीच शिवलेली चप्पल'. आपलं 'नुकता' लिंग बघून बदलतं, इंग्रजी 'न्यूली' ढिम्म हलत नाही. त्याला फक्त जागा ठाऊक. म्हणून 'हँडमेड चप्पल्स वेअर आउट स्लोली' असं लिहा, वाद मिटला. (खरं तर जाहिरातीत झिजण्याची गोष्टच कशाला काढायची? 'लास्ट लाँगर' म्हणा.)

'हार्ड' आणि 'हार्डली'चंही बघून ठेवा. जुन्या स्कूटरच्या जाहिरातीत 'हार्डली यूज्ड' म्हणजे फारशी न वापरलेली. पुष्कळ जण ते 'जोरदार वापरलेली' असं वाचतात आणि चांगली गाडी सोडून देतात.

दुसरं वाक्य मात्र बदलाच. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. वाक्याच्या तोंडाला असं धातुसाधित आलं की इंग्रजी वाचक ते पुढच्या कर्त्याला चिकटवतो. इथं कर्ता 'वी'. म्हणजे मानांकन तुमच्या दुकानाला मिळालं! 'वी सेल ओरिजिनल कोल्हापुरी चप्पल्स, ऑफिशियली रिकग्नाइज्ड इन २०१९' असं फिरवा, मानांकन चपलेपाशी जाईल.

पुढची टिप्पणी: सर, मी भाषांतराचं काम करते. अशी वाक्यं तपासायला माझी एक युक्ती आहे. 'रंकाळ्यावर फिरताना सूर्यास्त छान दिसला' हे मराठीत निर्दोष, पण 'वॉकिंग अलाँग रंकाळा, द सनसेट लुक्ड ब्यूटिफुल' म्हटलं की सूर्यास्तच फिरायला निघतो. आपल्या 'फिरताना'तल्या 'ताना'ला कर्ता कुणीही चालतो, 'मला' गुपचूप मनात असतो. 'फिरून'मधलं 'ऊन' तसं नाही. 'रंकाळ्यावर फिरून सूर्यास्त छान दिसला' म्हणून बघा, लगेच खटकतं. म्हणून 'इंग'नं सुरू होणारं इंग्रजी वाक्य लिहिलं की मी ते मराठीत 'ऊन' लावून म्हणते. खटकलं तर कर्ता बदलायचा.

प्रश्नकर्ता: ताई, मग 'बातमी ऐकून डोळ्यांत पाणी आलं' हे? 'ऊन' आहे, खटकत पण नाही. इंग्रजीत 'हिअरिंग द न्यूज, टिअर्स केम' चालंल का?

उत्तर: नाही चालणार. तिथं अश्रूच बातमी ऐकतात. ताईंची युक्ती चांगली आहे, पण मन, डोळे, राग, आनंद यांची वाक्यं तिच्यातून निसटतात, कारण मराठीत 'मला' नाही तर 'माझ्या' लपलेला असतो आणि तो 'ऊन'ला पुरतो. इंग्रजीत त्या लपलेल्या माणसाला बाहेर काढून कर्ता करायचं: 'हिअरिंग द न्यूज, आय वेप्ट'. नकाराची तेवढी चिंता करू नका, ती जागा दोन्हीकडं सारखीच: 'न सांगता', 'नॉट टेलिंग'.

प्रश्नकर्ता: आणि 'जनरली स्पीकिंग'? त्याच्या पुढं तर कुणीही कर्ता येतो. 'जनरली स्पीकिंग, कापशी चप्पल्स आर हेवी' हे परवा एका गिऱ्हाइकानंच लिहिलेलं.

उत्तर: ते बरोबर आहे. 'जनरली स्पीकिंग', 'स्ट्रिक्टली स्पीकिंग' यांत क्रियाविशेषण आणि धातुसाधित मिळून ठरीव बोल झालेत, बोलणारा म्हणजे वाक्य म्हणणारा माणूस हे सगळ्यांनी धरून ठेवलंय. आपलं 'खरं सांगायचं तर' कुठं कर्ता विचारतं? 'कन्सिडरिंग' तर त्याच्याही पुढं जाऊन शब्दयोगी अव्ययासारखं वापरलं जातं. पण ही सवलत मोजक्याच बोलांना आहे. 'ब्यूटिफुली स्टिचिंग, द प्राइस इज लो' असं कार्डावर छापाल तर किंमतच चप्पल शिवायला बसेल.