नळाला मोटर लावायची का? आतल्या मंडळींचं भांडण

बाळीवेशीकर
आमच्या बोळात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही कधी पहाटे, कधी मध्यरात्री. पाणी आलं की घराघरातून घर्रर्र सुरू होतं. थेट नळाच्या पाइपला मोटर! आमच्याकडे नाही, म्हणून धार करंगळीएवढी. आता घरातून जोर लागलाय की आपणही लावू. तेव्हापासून डोक्यात बैठक बसलीय.

पहिला बोलतो स्वार्थ. सरळ गडी. "मला पाणी पाहिजे," संपलं. कर्तव्य कोपऱ्यातून एवढंच विचारतं, "टोकाच्या घरात विड्या वळणाऱ्या मावशी राहतात, त्यांच्या घागरीत काय पडणार?" भीती म्हणते, महापालिकेचं पथक आलं तर मोटर जप्त. भीड म्हणते, लोक म्हणतील फार शहाणा लागून गेलाय.

मग उठते सबब. ही बया कर्तव्याचेच कपडे घालून येते. "घरात म्हातारी आई आहे, तिला पाणी नको? पाणीपट्टी भरतोस ना? तू नाही लावलीस तरी वरची घरं ओढणारच, मावशींना थोडंच मिळणार आहे?" यातलं एकही वाक्य खोटं नाही, हीच पंचाईत.

माझं मत असं की स्वार्थ-कर्तव्याची समोरासमोर कुस्ती होतच नाही. एकटा स्वार्थ लाजतो, म्हणून तो सबबीला पुढे करतो. पटत नसेल तर लिहा.

जुळे_सोलापूर
अजिबात पटत नाही. आईला पाणी देणं ही सबब कशी? तुम्ही कर्तव्याला बोळाच्या टोकाला नेऊन बसवलंत, घरात त्याला जागाच ठेवली नाही. घरच्यांना कोरडं ठेवून गल्लीचं भलं करणाऱ्याच्या बायकोला विचारा तो किती थोर ते.

बाळीवेशीकर
घर आधी, कबूल. पण हौद भरल्यावर मोटर बंद होते का? आमच्या शेजारी त्याच पाण्यानं गाडी धुतली जाते, अंगणात सडा पडतो. तिथे आईचं नाव कशाला काढायचं?

पूर्वभागातली
मी त्या टोकाच्या घरातलीच समजा. दोघंही पाण्याबद्दल बोलतच नाही आहात. मोटरनं ओढलं की पाइपातला दाब उतरतो. गटारीजवळ पाइप कुठे चिरलेला असेल तर तिथून घाण आत खेचली जाते, आणि ती मोटरवाल्याच्या हौदातही जाते. म्हणजे तुमचा स्वार्थ जरा शिकलेला असता तर कर्तव्याच्या बाजूनं बोलला असता. त्याला सरळ गडी कसलं म्हणता, अडाणी आहे तो.

आणि ते मावशी मावशी पुरे. आम्हाला दया नको, दाब पाहिजे.

पोथीनिष्ठ
अकराव्या शतकात कृष्णमिश्रानं 'प्रबोधचंद्रोदय' हे संस्कृत नाटक लिहिलं. त्यातली पात्रंच विवेक, महामोह, दंभ, श्रद्धा अशी. मनाला दोन बायका, प्रवृत्ती आणि निवृत्ती. एकीच्या वंशात महामोह, दुसरीच्या वंशात विवेक. दोघे सावत्र भाऊ, बाप एकच! आणि मोहाच्या बाजूचा दंभ कुठे भेटतो, तर काशीत, ब्राह्मणाच्या वेषात. धाग्यातली सबब ती हीच. नाटकात शेवटी विवेक जिंकतो, पण तिथे नाटककार त्याच्या बाजूला होता.

गड्ड्याचा_पाळणा
इतकं खोल कशाला जायचं? आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस बघा. १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. बाकीचे परतले, हे तिथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले. वय अवघं ३२. घरदार त्यांनाही होतं. त्यांनी कुठे बैठका भरवल्या?

कडक_भाकरी
काय बोलालास बे! बोळातल्या मोटरीला कोटणीस कशाला आणालास? त्यांच्या डोक्यात काय चाललंवतं ते तुला कुणी सांगितलं? एवढा मोठा माणूस पुढं केला की आपली सुटका होते बघ. "आपण काय कोटणीस न्हाय, लाव मोटर." ही बी सबबच की.

उजनीतनं शंभरेक किलोमीटरवरनं पाणी आणायचं आणि शेवटच्या पन्नास फुटात एकमेकाचं ओढायचं. पालिकेला शिव्या घाला, मी बी घालतो. पण मोटर काय पालिकेनं लावली न्हाय. बोळातल्यांनी बसून ठरवा, पाणी आलं की पहिला अर्धा तास कुणीच बटण दाबायचं न्हाय.

जुळे_सोलापूर
ठरवलं आणि एकानं मोडलं तर? जो पाळेल तो मूर्ख ठरतो. म्हणून म्हणतो, स्वार्थाला शिव्या देऊ नका, तो निदान फसवत नाही.

पूर्वभागातली
मोडलं तर आवाज येतोच की. आमच्याकडे एकानं मोडलं, तर बायका घागरी घेऊन त्याच्या दारात गेल्या. भांडल्या नाहीत. "आमचं भरून द्या" एवढंच म्हणाल्या. भरून देताना त्याचा निम्मा हौद गेला.

पोथीनिष्ठ
हे त्या नाटकात नाही.

बाळीवेशीकर
पुढचं पाणी गुरुवारी. मोटरीचे पैसे घरात काढून ठेवलेत. अर्ध्या तासाचं तिघांशी बोललो. दोघे हो म्हणाले. तिसऱ्यानं विचारलं, "आधी तुमच्याकडे मोटर आहे का? नाही ना? मग तुम्ही काय सोडताय?" याला उत्तर सुचलेलं नाही. कुणाला सुचत असेल तर गुरुवारच्या आत लिहा.