मदत हवी आहे: गुराब (मराठा आरमारातलं मोठं लढाऊ जहाज) कशी बनवायची?

नमस्कार मंडळी. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीची पोरं यंदा दिवाळीत सिंधुदुर्ग करणार आहेत. किल्ला मातीचा होईल, पण समोर आरमार हवंच, आणि तिथे गाडं अडलंय.

एवढं माहीत आहे : गुराबेला दोन किंवा तीन डोलकाठ्या, तळ उथळ, नाळ (जहाजाचं पुढचं टोक) निमुळती, पुढे झुकलेली आणि तिथल्या तोफा थेट समोर मारा करणाऱ्या. गलबत लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. वारा पडला की तेच गुराबेला ओढून नेई. युरोपीय जहाजांचा मुख्य मारा बाजूच्या तोफांचा, म्हणून आपली जहाजं त्यांना मागून गाठत. हा डावपेच पोरांना भलताच आवडलाय!

प्रश्न असे : गुराबेच्या मधल्या डोलकाठीवर शीड चौकोनी दाखवायचं की तिरकं? वीतभर लांबीच्या नमुन्याला डोलकाठी किती उंच शोभेल? आणि बाल्सा लाकूड पुण्यात सुटं कुठे मिळतं? थर्माकोल नकोय. मोजमापांसह रेखाचित्र असेल तर कृपया फोटो टाका.

एकाला १९०६ची ब्रिटिश युद्धनौका ड्रेडनॉट करायची आहे, वाफेच्या टर्बाइनवाली. तिला सिंधुदुर्गासमोर उभी करू देणार नाही, हे नक्की.